पायरीवरचा शब्द

शिर्डीहून पहाटे निघालेल्या गाड्या नऊ-साडेनऊला पंचवटीत लागतात. नंबरप्लेटवर आंध्राचं एपी असतं, तेलंगणाचं टीएस असतं, मार्च २०२४ नंतर घेतलेल्या तेलंगणाच्या गाड्यांवर टीजी. रामकुंडावर आंघोळ, मग कपालेश्वर, काळाराम, सीतागुंफा. त्र्यंबकेश्वरला निघायच्या आधी तासभर मोकळा मिळतो, तेव्हा मंडळी पुलावरून अलीकडे येतात आणि सराफ बाजार, भांडी बाजार बघत फिरतात. हिवाळ्यात आमचं निम्मं गिऱ्हाईक त्या तासाभरातलं.

मी अकरा वर्षं तांब्या-पितळेच्या दुकानात काउंटरला आहे. शेठ गल्ल्यावर, मी मालावर. गडू, कळशा, घंगाळं, समया, निरांजनं, ताम्हनं, घंटा. ठोक्याचं भांडं कुठलं आणि मशीनचं कुठलं, हे मी डोळे मिटून नुसतं बोट फिरवून सांगते. पायरीवरचं गिऱ्हाईक घेणारं आहे की बघणारं, हेही बहुतेक वेळा कळतं. हे सगळं दुकानात उभं राहूनच शिकले. तेलुगू मात्र दुकानाबाहेर जाऊन शिकावी लागली, ती एका आजींमुळे.

त्या आजी एकट्याच वर आल्या होत्या. तांब्याचा एक तांब्या त्यांनी हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला, त्याच्या तोंडावर तळहात ठेवला आणि म्हणाल्या, ‘मूत’. मला कळेना. त्यांनी पुन्हा तळहात ठेवला, पुन्हा तोच शब्द. आमच्याकडे तेव्हा एक सोळा-सतरा वर्षांचा पोरगा कामाला होता. तो फस्सकन हसला. मलाही हसू आलं. मी ते दाबायला तोंड फिरवलं, पण फिरवलेलं तोंड त्यांना दिसलं. त्यांनी तांब्या अगदी हळू, आवाज न करता काचेवर ठेवला आणि त्या पायरी उतरून गेल्या.

त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर खाली उभा होता, आपल्याकडचाच. तो म्हणाला, ‘‘ताई, झाकण मागत होत्या त्या. त्यांच्यात झाकणाला मूत म्हणतात.’’

वरच्या फळीवर झाकणाचे तांबे ओळीने लावलेले होते. मी शिडी लावून एक काढला आणि बाहेर धावले, पण गाडी निघून गेली होती. गिऱ्हाईक गेल्याचं दुःख धंद्यात रोजचंच असतं, त्याची सवय होते. इथे एक म्हातारी बाई आपल्या भाषेतला साधा, स्वच्छ शब्द बोलली आणि आम्ही तिला तो घाण करून परत दिला. पुढचे दोन दिवस तो हळू ठेवलेला तांब्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

आमच्या बिल्डिंगीत तळमजल्यावर सोलापूरच्या मावशी राहतात. माहेर सोलापूरच्या पूर्व भागातलं, पद्मशाली. कापडाच्या कामासाठी तेलंगणातून सोलापुरात येऊन राहिलेल्या घरांपैकी त्यांचं एक. घरात तेलुगू, दारात मराठी. लग्न होऊन नाशकात आल्याला त्यांना चाळीस वर्षं होतील, पण फोनवर बहिणीशी अजून तेलुगूतच बोलतात. मी जाऊन म्हटलं, ‘‘मावशी, मला तेलुगू शिकवता का? दुकानासाठी हवंय.’’ मला वाटलं, दुकानासाठी म्हटल्यावर त्यांना बरं वाटणार नाही. त्या म्हणाल्या, ‘‘शीक की. आमचे आजोबा मराठी शिकले ते तरी कशासाठी? पोटासाठीच की.’’

संध्याकाळी भाजी निवडताना आमची शिकवणी चालायची. वही नव्हती. मावशींना तेलुगू बोलता येते, लिहिता येत नाही. आधी आकडे झाले. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु. मग शंभराच्या वरचे. तेलुगूत अठराशे पन्नास हे आपल्यासारखंच म्हणतात, पद्देनिमिदि वंदल याभै, म्हणजे अठरा शेकडे पन्नास. हिंदीतून गिऱ्हाइकाला ‘एक हजार आठ सौ पचास’ सांगताना मी मनात नेहमी एकदा अठराशे पन्नास म्हणून घ्यायचे. इथे तो मधला वळसा नव्हता.

मग भांडी. रागि म्हणजे तांबं, इत्तडि म्हणजे पितळ. बिंदे म्हणजे कळशी. चेंबु म्हणजे तांब्या, आणि हे ऐकून मी निवडलेली मेथी खाली ठेवली. चंबू! माझ्या आजीच्या देवघरात चंबू होता. शब्द कुणाचा कुणाकडे गेला ते मला माहीत नाही, पण हा शब्द शिकावा लागला नाही, नुसता थोडा वाकवावा लागला.

आणि उच्चार. मी समजत होते की दक्षिणेची भाषा म्हणजे आपल्या जिभेला जड. पण ळ होता. नीळ्ळु म्हणजे पाणी, पेळ्ळि म्हणजे लग्न. हिंदीवाला तिथे ‘ल’ म्हणून मोकळा होतो, माझी जीभ न सांगता वर वळते. दोन्ही च होते. चेप्पंडि, म्हणजे सांगा, यातला च चेहऱ्यातला, आणि चूडंडि, म्हणजे बघा, यातला चमच्यातला. शाळेत बाईंनी आम्हाला हे दोन च कधी वेगळे करून शिकवले नाहीत. आपण ते आईच्या दुधाबरोबर शिकतो. तेलुगू मुलंही तसंच शिकत असणार.

सगळ्यात जास्त मी थांबले ती एका लहानशा जोडीपाशी. मेमु आणि मनं. मेमु म्हणजे आम्ही, मनं म्हणजे आपण. समोरच्याला वगळून एक, समोरच्याला धरून एक. हिंदीत सगळं ‘हम’ मध्ये जातं, तिथे दुकानदार ‘हम’ म्हणाला तर त्यात गिऱ्हाईक आहे की नाही हे कळायला मार्ग नाही. मराठीत कळतं, तेलुगूतही कळतं. मावशींना यात काही विशेष वाटलं नाही. ‘‘मग काय, सांगायला नको का कोण आत आहे आणि कोण बाहेर?’’ त्या म्हणाल्या आणि लसूण सोलत राहिल्या.

मावशींचं तेलुगू जुनं आणि सोलापुरी. भाताला त्या बुव्व म्हणतात. दुकानात आंध्राकडची मंडळी अन्नं म्हणतात आणि माझं बुव्व ऐकून विचारतात, ‘‘तेलंगाणा?’’ मी म्हणते, ‘‘सोलापूर.’’ मग त्यांना सोलापूर समजावून सांगावं लागतं.

तीनेक महिन्यांत मी मोडकंतोडकं बोलायला लागले, आणि दुकानातला वारा बदलला. हिंदी बोलायचे तेव्हा मीही परकी, गिऱ्हाईकही परकं. दोघंही तिसऱ्याच्या अंगणात उभे. पण मी ‘‘एमि कावालि अम्मा?’’, काय हवंय आई, म्हटलं की समोरची बाई एकदम घरमालकीण व्हायची. माझं चुकलं तर दुरुस्त करायची. एकीने मला ‘जाग्रत्त’ हा शब्द तीनदा म्हणायला लावला, समई बांधून देताना. जाग्रत्त म्हणजे जपून. आपण जागृत म्हणतो ते डोळे उघडे असणं, ते म्हणतात ते हात सांभाळणं.

रामकुंडावर एकदा मी फुलं घ्यायला गेले होते. एक आजोबा शेवटच्या पायरीवर उभ्या नातीला हाक मारत होते, ‘‘पाप, पाप, जाग्रत्त!’’ तेलुगूत पाप म्हणजे लहान मुलगी. शेजारी एक आपल्याकडचे काका नाक धरून बुड्या मारत होते, पाप धुवायला. मी दोन्ही ऐकत उभी राहिले. फुलवाल्या मावशी म्हणाल्या, काय झालं गं? त्यांना सांगायला किती वेळ लागला असता, म्हणून काही नाही म्हटलं.

आमच्या दुकानात काउंटरच्या मागे नदीच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीचा फोटो आहे, पुरातला. नाशिककराला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. गंगेला पूर आला की आपण एकमेकांना क्युसेकमध्ये विचारत नाही, पाणी दुतोंड्याच्या कुठपर्यंत आलं ते विचारतो. गुडघा, कंबर, छाती. आणि गंगा म्हणतो, गोदावरी नाही. पत्ता सांगतानासुद्धा ‘गंगेवर’.

२०२२ च्या डिसेंबरात एक गृहस्थ आले, भद्राचलमचे. भद्राचलम म्हणजे तेलंगणात, गोदावरीच्या काठचं रामाचं मोठं क्षेत्र. त्यांच्याकडे जवळच पर्णशाला आहे. राम-सीतेची पर्णकुटी तिथे होती आणि सीताहरण तिथेच झालं, अशी त्यांची श्रद्धा. आपली श्रद्धा पंचवटीची. त्यांनी ते सांगितलं, मी ऐकलं, दोघांनीही वाद घातला नाही. मग त्यांचं लक्ष फोटोकडे गेलं. हा कोण, पाण्यात का? मी माझ्या तुटक तेलुगूत सांगितलं की हा आमचा मोजायचा मारुती. त्यांचे डोळे मोठे झाले. म्हणाले, आमच्याकडे फुटात मोजतात. त्रेचाळीस फुटांना पहिला इशारा, अठ्ठेचाळीसला दुसरा, त्रेपन्नला तिसरा. आणि याच जुलैत किती झालं ठाऊक आहे? त्यांनी हात डोक्याच्या वर नेला, ‘‘डेब्भै ओक्क अडुगुलु.’’ एकाहत्तर फूट. १९८६ सालानंतर एवढं पाणी त्यांनी पाहिलं नव्हतं.

त्याच जुलैत आपल्याकडेही दुतोंड्याला पाणी लागलं होतं. मला क्षणभर वाटलं, आपलंच पाणी तिकडे गेलं. पण ते खरं नाही. नाशिकचं पाणी नांदूरमध्यमेश्वरावरून पुढे पैठणला जायकवाडीत जाऊन थांबतं. भद्राचलमला बुडवतं ते प्राणहिता आणि इंद्रावतीचं पाणी, विदर्भातून, छत्तीसगडमधून आलेलं. १४६५ किलोमीटरच्या नदीत आपला वाटा उगमाचा आणि थोड्या पाण्याचा. मी हे त्यांना सांगायला गेले तर शब्द पुरेनात. त्यांनी हात हलवून मला थांबवलं आणि म्हणाले, ‘‘मन गोदावरि.’’

मा गोदावरि म्हणाले असते तर ती त्यांची झाली असती. ते मन म्हणाले. आपली, तुम्हाला धरून. मावशींनी शिकवलेली ती जोडी तेव्हा पहिल्यांदा माझ्या अंगावर आली. त्यांनी तांब्याचा एक लहान गडू घेतला, रामकुंडाचं पाणी न्यायला. घरासमोरून तीच नदी वाहते तरी इथलं पाणी कशाला, असं मी विचारलं नाही. आपण नाही का माहेरचं मीठ-मसाला डब्यात भरून आणत?

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. गुरू सिंह राशीत गेला की आपल्याकडे सिंहस्थ, आणि त्यांच्याकडे त्याच मुहूर्तावर गोदावरीचे पुष्करालु, म्हणजे बारा दिवसांचं नदीस्नानाचं पर्व. २०१५ साली १४ जुलैला आपलं सिंहस्थाचं ध्वजारोहण झालं, आणि त्याच दिवशी खाली आंध्रात राजमहेंद्रीला लोक पुष्कराच्या पाण्यात उतरले. मी त्या दिवशी दुकानात होते. वरच्या टोकाला आम्ही गर्दीला कंटाळलो होतो, आणि खालच्या टोकाला तशीच गर्दी, तीच नदी, तोच गुरू, याचा पत्ताही नव्हता. आता २०२७ येतंय.

हे सगळं चांगलं. आता जे सांगायला बसले ते सांगते.

शेठचे वडील, आबा, अजूनही अधूनमधून दुकानात येऊन बसतात. त्यांना नंदभाषा येते. जुन्या व्यापाऱ्यांची गुप्त बोली. आवारू म्हणजे दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच. गिऱ्हाइकासमोर भागीदाराला सांगायचं असेल की कितीपर्यंत खाली ये, तर ह्या शब्दांत सांगायचं. बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरतात, त्यातलाच प्रकार. आबा हे अभिमानाने सांगतात. दुकानदार आपला शेवटचा भाव झाकतो, गिऱ्हाईक आपला शेवटचा भाव झाकतं, आणि मधे घासाघीस होते. हाच धंदा. कुणी कुणाच्या झाकलेल्या मुठीत डोकावायचं नाही, एवढीच त्यातली रीत.

माघातल्या एका दुपारी एक जोडपं आलं. नवरा पंचेचाळिशीचा, बायको थोडी लहान. समया बघायला लागले. दीपपु कुंदुलु. मी त्या दिवशी दमलेली होते, सकाळपासून हिंदीच बोलत होते, त्यांच्याशीही हिंदीच बोलले. त्यांना आवडली ती जोडी मी अठराशे पन्नास सांगितली. तशी जोडी आम्ही सोळाशेला सोडतो. गिऱ्हाईक पंधराशे म्हणतं, आपण सतराशे म्हणतो, सोळाशेवर मिटतं. ठरलेला रस्ता.

नवऱ्याने समई हातात तोलली. मग बायकोकडे झुकून, आवाज उतरवून म्हणाला, ‘‘अम्म अडिगिंदि. एंतैना तीसुकुंदां.’’

आईने मागितलीय. कितीही असो, घेऊ.

मला आख्खं वाक्य कळलं. न थांबता, मनात मराठी न करता कळलं. भाषा शिकताना असा एक क्षण येतो, अडलेलं पाणी एकदम मोकळं व्हावं तसा. मला इतका आनंद झाला की चेहरा स्थिर ठेवायला कष्ट पडले. आणि त्या आनंदात मी काय केलं, तर भाव धरून ठेवला. त्याने हिंदीत विचारलं, कुछ कम होगा? मी म्हटलं, नहीं भैया, फिक्स है. त्याने बायकोकडे पाहिलं, खिशात हात घातला आणि अठराशे पन्नास मोजून दिले.

मी समया कागदात गुंडाळल्या, सुतळीने बांधल्या, पिशवी त्या बाईच्या हातात दिली. आणि सवयीने, खरंच नुसत्या सवयीने तोंडातून गेलं, ‘‘जाग्रत्त.’’

तिचा हात पिशवीवर तसाच राहिला. ‘‘मीकु तेलुगु वच्चा?’’ तिने विचारलं. तुम्हाला तेलुगू येतं?

मी हो म्हटलं की नाही ते आठवत नाही. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत राग असता तर मी तो सोसला असता. तो खजील झाला होता. जसं काही चूक त्याचीच, दुकानात उभं राहून आईचं नाव काढलं ही. दोघं काही न बोलता पायरी उतरले.

शेठ खूश होते. भावाला पक्की राहिलीस म्हणाले. मी खोटं बोलले नव्हते, वजनात मारलं नव्हतं, माल अस्सल होता. अडीचशे रुपये जास्त घेतले, त्याने मागे कुणाचं दिवाळं निघत नाही. हे सगळं मी त्या रात्री स्वतःला सांगून बघितलं. पण झाकणाचा तांब्या मागणाऱ्या आजींची भाषा मला येत नव्हती म्हणून मी त्यांना दुखावलं होतं. ह्या माणसाची भाषा मला येत होती, आणि त्या येण्यामुळेच मी त्याला लुबाडलं. मग मी तीन महिने भाजी निवडत काय शिकत होते?

मावशींना सांगितलं. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. ‘‘चोरून ऐकलंस की गं.’’

मी म्हटलं, कानावर आलं, मी काय करणार?

‘‘कानावर येणारच की. आमच्या सोलापुरात बाजारात सगळ्या दुकानदारांना तेलुगू कळतंय, आणि सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक आहे की ह्यांना कळतंय. म्हणून नवरा-बायकोला भावाचं बोलायचं असलं तर बाहेर रस्त्यावर जातात, बोलतात, परत येतात. कुणाला राग नाही. तुझ्या गिऱ्हाइकाला कुठं ठाऊक होतं? तू आधी सांगायचं. पायरीवर असतानाच. मला कळतंय म्हणून.’’

‘‘काय म्हणून सांगू? नमस्कारम् तर सगळेच म्हणतात. रिक्षावालेसुद्धा.’’

‘‘रंडि म्हण. या म्हण.’’

हा शब्द मी वाचणाऱ्यासमोर तसाच ठेवते आहे. मला तो मावशींकडून पहिल्या आठवड्यातच कळला होता आणि मी तो बाजूला टाकला होता. रा म्हणजे ये. त्याला आदराचं अंडि लागलं की रंडि, म्हणजे या. चेप्पंडि, चूडंडि यातलं जे अंडि तेच. आपल्याला शिवी ऐकू येते तिथे त्यांचा आदर आहे. हे सगळं डोक्याला पटतं. पण जीभ डोक्याचं ऐकत नाही.

माझी आजी एकविसाव्या वर्षी विधवा झाली. गावात तिला तिच्या नावाने फार थोडे लोक हाक मारायचे. रंडकी म्हणायचे. लग्नकार्यात ती मागच्या दाराने यायची, चुलीपाशी बसायची, पुढे आली तर कुणीतरी तो शब्द टाकायचा आणि ती परत मागे जायची. मी पाच-सहा वर्षांची असताना एका मुंजीत हे पाहिलं आहे. आजी उंबऱ्यात उभी होती, हातात माझं परकर-पोलकं होतं, मला घालायला आणलेलं. तो शब्द आला आणि तिने कपडे उंबऱ्यावर ठेवले. त्या शब्दाने मी कुणाला दुकानात बोलवू?

मावशींना हे सगळं सांगितलं नाही. त्यांनी काही विचारलंही नाही. त्यांना वाटलं, माझा उच्चार अडतोय. म्हणाल्या, ‘‘तू शेवट ओढतेस म्हणून तुला घाण लागतंय. ओढायचं नाही. तोडायचं.’’

ह्यात खरोखर तथ्य होतं. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार, उकार दीर्घ. शाळेत हा नियम घोकलेला, पाणी, आई, लाडू, वस्तू. आपण शेवटी टेकतो. तेलुगूत शेवटचा इकार ऱ्हस्व असतो आणि ऱ्हस्वच बोलतात, पाखरू फांदीवर बसता बसता उडावं तसा. मी खूप शोधलं की मराठीत शेवटी ऱ्हस्व इकार कुठे आहे. ‘आणि’ मध्ये आहे. त्या नियमाला जे मोजके अपवाद, त्यातला हा रोजचा. आणि म्हणताना आपण तिथे थांबत नाही, कारण पुढे काहीतरी यायचं असतं. मी तसं म्हणून बघितलं. आणि. रंडि. आणि. रंडि. ओट्यावर पोळ्या लाटताना, रिक्षात, गंगेवरून येताना. पुढे अम्मा लावून, रंडम्मा. कधी जमायचं, कधी मधेच आजी उंबऱ्यात उभी राहायची.

पंधरा-वीस दिवस असे गेले. त्या दिवसांत मी तेलुगू गिऱ्हाईक आलं की त्यांनी आपसात बोलायला सुरुवात करायच्या आत ‘‘चेप्पंडि’’ म्हणून टाकायचे. पण पायरीवर जे बोलणं व्हायचं ते निसटून माझ्या कानात पडायचंच.

मग एका सकाळी दोघी आल्या. सासू-सून असाव्यात. सून वर आली. सासू खालीच थांबली, पायरीच्या कडेला, भिंतीला धरून. पांढऱ्यावर बारीक निळं फूल असलेलं सुती लुगडं. कपाळ मोकळं. सुनेने ये म्हणून हात केला तर तिने मानेनेच नाही म्हटलं, तूच बघ म्हणून.

मी काउंटरच्या फळीखालून वाकून बाहेर आले. अकरा वर्षांत गिऱ्हाइकाला घ्यायला मी काउंटर सोडलेला नव्हता. पायरीपर्यंत गेले.

‘‘रंडम्मा,’’ मी म्हटलं. ‘‘लोपलिकि रंडि.’’ या आई. आत या.

शेठने गल्ल्यावरून मान वर केली. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग सुनेकडे, मग पुन्हा माझ्याकडे. ‘‘तेलुगु वच्चा नीकु?’’

‘‘कोंचें,’’ मी म्हटलं. थोडंसं.

त्यांनी माझा हात धरला आणि पायरी चढल्या. हात गार होता, नुकत्याच रामकुंडावरून आल्या होत्या. मी स्टूल पुढे केलं. पाणी दिलं. त्या बसल्या, आणि सगळं दुकान त्यांनी सावकाश डावीकडून उजवीकडे बघितलं. मग वरच्या फळीकडे बोट केलं. झाकणाचा चंबू. ‘‘मूत उन्नदि,’’ म्हणाल्या, झाकण असलेला तो. मी शिडी लावली आणि काढून दिला.

त्याबरोबर समयांची एक जोडी निवडली. मी अठराशे पन्नास सांगितले, चंबूचे वेगळे, काट्यावर ठेवून. सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. सून काही बोलायला लागली, तशी त्यांनी तिच्या मनगटावर बोट ठेवलं. दोघी उठल्या, पायरी उतरल्या, आणि समोरच्या बंद दुकानाच्या पत्र्याखाली जाऊन उभ्या राहिल्या.

तिथून काही ऐकू येत नव्हतं. सून बोटांवर काही मोजत होती. सासूबाई एकदा हसल्या, एकदा जोरात मान हलवली. मधून एक हातगाडी गेली. मी तेवढ्यात समयांवर राहिलेली धूळ फडक्याने पुसली, वाती ठेवायच्या खाचा बघितल्या, एकीचा मळसूत्राचा आटा सैल होता तो आवळला.

त्या परत आल्या. ‘‘पदिहेनु वंदलु,’’ सासूबाई म्हणाल्या. पंधराशे.

‘‘पदहारु,’’ मी म्हटलं. सोळाशे.